सर्वांची सहल

पावसाळा सरला, भाताची कापणी आटोपली आणि हवेत गारवा आला, की शाळाशाळांतून एकच विषय निघू लागतो: यंदाची सहल कोठे न्यावयाची? पालघर जिल्ह्यातील बेटेगावच्या शाळेतील सातवीचा एक वर्ग डोळ्यांपुढे आणा. बेटेगाव हे बोईसर स्टेशनाच्या पूर्वेकडील गाव. स्टेशनाच्या पश्चिमेस तारापूरची औद्योगिक वसाहत व तिच्यापलीकडे समुद्र. या वर्गातील कोणाचे वडील कारखान्यात पाळीवर जातात, कोणाच्या घरी थोडी भातशेती आहे, तर कोणाचे आईवडील मजुरीवर जातात. वर्गात मुले पंचेचाळीस. अशा या वर्गात सहलीचा विषय निघाला, तेव्हा काय काय घडले ते पाहू.

गुरुजींनी विचारताच एकच गलका झाला. कोणी मुंबई म्हणाला, कोणी पाण्यातल्या खेळांचे उद्यान म्हणाला. एकजण उभा राहून म्हणाला, "गुरुजी, आपण खासगी बस करू. दारात बसावयाचे आणि दारात उतरावयाचे!" ही कल्पना सर्वांस आवडली. "ज्यांना यावयाचे आहे त्यांनी हात वर करा," असे गुरुजींनी म्हणताच वर्गभर हात उंचावले. शेवटच्या बाकावरील एका मुलीचा हात मात्र खालीच राहिला. गुरुजींनी विचारले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मला गाडी लागते."

गुरुजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी चौघांना गाडी लागू लागली. तिसऱ्या दिवशी एकाच्या घरी लग्न निघाले, दुसऱ्याची आजी आजारी झाली. तेव्हा गुरुजींनी खडू हाती घेतला आणि फळ्यावर एक गणित मांडले.

"समजा, बसचे दिवसाचे भाडे ९,००० रुपये आहे. पंचेचाळीस मुले आली, तर प्रत्येकी किती?"

"दोनशे!"

"दोनशे रुपये पुष्कळ होतात म्हणून नऊ मुले गळाली. आता?"

"छत्तीस मुले. प्रत्येकी अडीचशे."

"अडीचशे ऐकून आणखी सहा गळाली. आता?"

"तिसांना प्रत्येकी तीनशे," असे उत्तर आले; पण या वेळी आवाज लहान होता. बसचे भाडे ठरलेले असते. तिच्यात तीस बसोत की पंचेचाळीस, मालक तेवढेच पैसे घेणार. सहल महाग म्हणून मुले गळतात आणि मुले गळतात म्हणून सहल आणखी महाग होते, असे हे चक्र आहे. आगगाडीचे तसे नाही. तेथे ज्याचे त्याचे तिकीट. एक आला नाही, तर दुसऱ्याच्या डोक्यावर त्याचा भार पडत नाही आणि आयत्या वेळी एखादा आला, तर जागेसाठी कोणास नाही म्हणावे लागत नाही. गर्दी असते, हे खरे. पण आगगाडी दरडोई स्वस्त पडते. बेटेगावला तर मुंबईच्या लोकलची सोय आहे. या गाड्या पूर्वी विरारपर्यंतच येत. २०१३ साली त्या डहाणू रोडपर्यंत येऊ लागल्या आणि बोईसरचे स्टेशन त्यांच्या वाटेवर आले.

स्वस्त सहलीची ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडात टॉमस कुक नावाचा एक गृहस्थ होता. लोकांनी दारू सोडावी म्हणून तो खटपट करीत असे. लफबरो या गावी दारूबंदीची सभा होती आणि लेस्टर शहरातील सामान्य माणसांना तेथे न्यावयाचे होते. गाडीभाडे एकेकट्याला परवडणारे नव्हते. कुकने रेल्वे कंपनीशी बोलणी करून सर्वांसाठी एकच गाडी ठरविली आणि ५ जुलै १८४१ रोजी सुमारे पाचशे माणसांना दरडोई एका शिलिंगात नेऊन परत आणले. अंतर जेमतेम वीस किलोमीटरांचे. पण ज्यांनी जन्मात प्रवास केला नव्हता, त्यांचाही त्या दिवशी प्रवास झाला. पुढे हाच मनुष्य जगप्रसिद्ध प्रवासी कंपनीचा संस्थापक झाला.

वाहन ठरले. आता ठिकाण. पालघरला उतरून शिरगावचा किल्ला पाहता येतो, केळवे-माहीमचे किनारे पाहता येतात. विरारला उतरून अर्नाळ्याला जाता येते; पण तो किल्ला बेटावर आहे, म्हणजे होडीचा खर्च आला आणि पंचेचाळीस मुलांची पाण्यावरची काळजीही आली. शेवटी गुरुजींनी भिंतीवरचा नकाशा काढला आणि तारापूरवर बोट ठेवून विचारले, "हा किल्ला मराठ्यांनी कोणाकडून व कशासाठी घेतला, कोणास ठाऊक आहे?" कोणासच ठाऊक नव्हते. आपल्या गावाजवळच्या किल्ल्याचे उत्तर पन्नास किलोमीटर दूर वसईला आहे, असे गुरुजी म्हणाले. ते उत्तर शोधावयास वसईलाच जावयाचे ठरले.

मग बेतास आरंभ झाला. गुरुजींनी सांगितलेली पहिली गोष्ट मुलांना उलटी वाटली. ते म्हणाले, "जाण्याची गाडी मागून पाहू, आधी परतीची ठरवू." बोईसरकडे जाणाऱ्या गाड्या विरारच्या गाड्यांइतक्या वारंवार नसतात. विरारची एक चुकली तर लवकरच दुसरी मिळते. डहाणूची चुकली तर फलाटावर ताटकळत बसावे लागते. म्हणून अंधार पडण्यापूर्वी बोईसरला पोहोचविणारी गाडी प्रथम निवडली. तिच्यापूर्वी अर्धा तास वसई रोडच्या फलाटावर हजर राहावयाचे. त्यापूर्वी बसचा वेळ. म्हणजे किल्ल्यातून किती वाजता निघावयाचे, हे आपोआप कळले. उरलेला वेळ किल्ल्याचा, आणि त्यामागे जाण्याची गाडी. वेळापत्रक असे शेवटाकडून सुरुवातीकडे वाचले, म्हणजे घाई होत नाही.

दिवस कोणता निवडावा, यावर बराच वाद झाला. कामाच्या दिवशी सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवावयास जागा नसते. रविवारी गर्दी कमी. पण त्याच दिवशी रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद ठेवतात किंवा उशिरा सोडतात. तेव्हा रविवार धरावा, पण आदल्या दिवशी स्टेशनावर जाऊन सूचनाफलक वाचावा, असे ठरले. ते काम स्टेशनाजवळ राहणाऱ्या दोन मुलांकडे दिले. शिवाय प्रत्येक गाडी वसई रोडला थांबते असे नाही आणि काही गाड्या विरारलाच संपतात. तेथे उतरून दुसरी गाडी धरावी लागते. हेही त्याच दोघांनी खिडकीवर विचारून यावयाचे होते.

तिकिटांचे भाडे वेळोवेळी बदलते, म्हणून या पाठात त्याचे आकडे दिलेले नाहीत. एक नियम मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाच वर्षे पूर्ण झालेल्या व बारा वर्षांच्या आतील मुलास अर्धे तिकीट पडते. सातवीच्या वर्गात अकरा वर्षांची मुले असतात, तशी तेरा वर्षांचीही असतात. वर्गातील एक उंच मुलगा म्हणाला, "गुरुजी, माझेही अर्धेच काढा." गुरुजींनी त्याच्या ओठांवरील कोवळ्या मिशीकडे पाहिले. सारा वर्ग हसला आणि तोही हसला. मग हजेरीपटावरून जन्मतारखा पाहून पूर्ण व अर्ध्या तिकिटांची यादी तयार झाली.

गाडी, बस व थोडी शिल्लक मिळून वर्गाचा एकूण खर्च निघाला. आता पैसे गोळा करावयाचे. येथे एका मुलीने एक युक्ती सुचविली. मला तरी या साऱ्या बेतात तिचीच युक्ती सर्वांत मोलाची वाटते. ती म्हणाली, "गुरुजी, सर्वांना सारख्या आकाराची पाकिटे द्या. पाकिटावर नाव लिहावयाचे नाही. ज्याला जेवढे जमेल तेवढे त्याने घालावे आणि पाकीट पेटीत टाकावे. ज्याला काहीच जमणार नाही, त्यानेही रिकामे पाकीट टाकावे. शेवटी बेरीज पाहावयाची, पाकिटे नाही."

तसेच झाले. पेटीत पंचेचाळीस पाकिटे पडली. पहिली बेरीज कमी भरली. वर्गाने खर्चाची यादी पुन्हा वाचली आणि वसईतील अल्पोपाहाराची ओळ खोडून टाकली. प्रत्येकाने घरची तांदळाची भाकरी व पाण्याची बाटली आणावी, असे ठरले. तरीही थोडी तूट राहिलीच. पेटी आणखी दोन दिवस वर्गात ठेवली. ती उघडली तेव्हा तूट भरून निघाली होती. पैसे कोणी टाकले, हे त्या वर्गात आजही कोणास ठाऊक नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलीला गाडी लागावयाची, तीही थांबली होती.

सहलीपूर्वीचे चार दिवस गुरुजींनी इतिहासाला दिले. त्याला खर्च काहीच नव्हता. पण तो न करता वसईला जाणे म्हणजे पडक्या भिंती पाहून येणे होय.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ सालच्या तहाने वसई पोर्तुगीजांस दिली. त्यांनी तेथे भक्कम तटबंदी उभारली व आत एक शहर वसविले. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरील त्यांच्या मुलुखाचे वसई हे मुख्य ठाणे झाले. सुमारे दोनशे वर्षे हा मुलूख त्यांच्याकडे होता. १७३७ साली थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी या प्रांतावर मोहीम सुरू केली. ठाणे व साष्टीचा बहुतेक भाग त्यांनी त्याच वर्षी घेतला. वसई मात्र हाती येईना.

चिमाजी आप्पांनी वसईवर एकदम धडक मारण्याचा हट्ट धरला नाही. तिला मदत कोठून मिळते, हे त्यांनी पाहिले. उत्तरेकडे किनाऱ्याकिनाऱ्याने पोर्तुगीजांची ठाणी होती: तारापूर, शिरगाव, माहीम, केळवे. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी ही ठाणी एकामागून एक घेतली. तारापूर सहजासहजी पडले नाही. तटावर चढाई करताना बाजी भिवराव रेठरेकर हा शूर सरदार तेथे कामी आला. बेटेगावची मुले उन्हाळ्यात ज्या तारापूरच्या किनाऱ्यावर जातात, तेथे ही लढाई झाली. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर हेच. उत्तरेकडील वाट अशी बंद झाली. मार्च महिन्यात वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरील धारावीचे ठाणे पडले आणि दुसरी बाजूही आवळली.

वसईचा किल्ला खाडी, समुद्र व दलदल यांनी तीन बाजूंनी वेढलेला आहे. जमिनीकडून त्याच्याशी भिडावयाचे, तर उत्तरेची बाजू तेवढी मोकळी. तेथेच मराठ्यांनी मोर्चे लावले, भुयारे खणीत तटाखाली नेली आणि सुरुंग ठासले. मे महिन्यात ते उडविले. काही वेळेवर उडाले व तटाला खिंडार पडले. काही उशिरा उडाले आणि खिंडारात शिरलेली मराठ्यांचीच माणसे त्यांत गेली. तरीही हल्ले थांबले नाहीत. अखेर पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यांना आपली बायकामुले व शस्त्रे घेऊन जाऊ दिले. त्याच महिन्यात किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला. किल्ला पडत नसेल तर माझे मस्तक तोफेला बांधून आत उडवा, असे आप्पा उद्वेगाने म्हणाले, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट ऐकावयास रोमांचकारी आहे. पण तटाला खिंडार पडले ते महिनोन् महिने चाललेल्या बेतामुळे आणि अंधारात कुदळ चालविणाऱ्या माणसांमुळे.

सहलीचा दिवस उजाडला. पहाटेच्या थंडीत बोईसरच्या फलाटावर नऊ-नऊ मुलांचे पाच गट उभे राहिले. प्रत्येक गटास एक नायक. चालत्या गाडीत चढावयाचे नाही, दारात उभे राहावयाचे नाही आणि कोणी मागे राहिलेच तर जेथे असेल त्याच फलाटावर थांबावयाचे, एवढेच नियम.

बोईसरनंतर आठवे स्टेशन वसई रोड. उमरोळी गेले, पालघर आले. "येथून पश्चिमेस शिरगाव आणि माहीम," एकजण म्हणाला. पुढे केळवे रोड. नकाशावर पाहिलेली ठाणी गाडीबरोबर एकेक सरकत होती. चिमाजी आप्पांच्या फौजेने तीन आठवड्यांत लढून जो किनारा पादाक्रांत केला, त्याला समांतर अशी ही गाडी अर्ध्या तासात धावून गेली! सफाळे मागे पडले आणि गाडीचा आवाज एकदम बदलला. वैतरणेचे पूल आले होते. दोन्ही बाजूंस विस्तीर्ण पाणी, मध्येच हिरवे बेट, पुन्हा पाणी. वर्ग गप्प झाला. मग विरारची जीवदानीची टेकडी दिसली. नालासोपारा आले, तेव्हा गुरुजी म्हणाले की प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. येथील स्तूपाचे उत्खनन १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी केले. पण तोवर सर्वांचे लक्ष उतरण्याकडे लागले होते.

वसई रोड हे नावच बोलके आहे. 'रोड' असे ज्या स्टेशनाच्या नावात असते, तेथे गाव बहुधा स्टेशनापासून दूर असते. डहाणू रोड, केळवे रोड ही त्याचीच भावंडे. वसईचा किल्लाही स्टेशनापासून सहा-सात किलोमीटरांवर आहे. स्टेशनाच्या पश्चिमेकडून किल्लाबंदराच्या बाजूला बस जाते. रिक्षांपेक्षा ती पुष्कळ स्वस्त; मात्र पंचेचाळीस मुले एका बसमध्ये कोंबण्याऐवजी दोन बसमधून गेली, तर इतर उतारूंचीही सोय होते. वर्गाने तसेच केले.

किल्ल्यात शिरण्यास तिकीट नव्हते. आत पाऊल ठेवताच मुले चकित झाली. किल्ला म्हणजे डोंगर, अशी त्यांची समजूत. येथे चढ म्हणून नाही. ताडांच्या झाडांतून सपाट वाटा, वाटांच्या कडेला छत उडालेली उंच उंच चर्चे. भिंतींना वडपिंपळांच्या मुळ्यांनी विळखे घातलेले. जमिनीवर कोरीव अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा. संत जोसेफच्या चर्चचा मनोरा अजून ताठ उभा. गोन्सालो गार्सिया हा ख्रिस्ती संत वसईतच जन्मला होता. १५९७ साली दूर जपानातील नागासाकी येथे त्याला ठार करण्यात आले आणि १८६२ साली त्याला संतपद मिळाले. त्याचे नाव सांगणारे चर्चही येथे आहे. नागेश्वराचे देऊळ आहे. चिमाजी आप्पांचा पुतळा आहे. पूर्वी या चर्चांतून घणघणणाऱ्या घंटा मात्र येथे नाहीत. विजयानंतर मराठ्यांनी त्या नेल्या. नाशिकला गोदावरीच्या तीरावर नारोशंकराच्या देवळात त्यांपैकी एक टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे.

उत्तरेकडच्या तटाजवळ गुरुजींनी मुलांना थांबविले. सुरुंग येथे लागले होते. शेवटच्या बाकावरच्या मुलीने तटाचा दगड हाताने चाचपून पाहिला, मग पावलांनी तटाची जाडी मोजली आणि वहीत लिहून ठेवली. ती म्हणाली, "गुरुजी, एवढ्याखालून खणत गेले, तेव्हा वरून आवाज ऐकू आला नसेल?" गुरुजींना उत्तर येईना. "हे शोधून काढले पाहिजे," ते म्हणाले.

दर्या दरवाजापाशी सर्वांनी भाकऱ्या सोडल्या. खाडीत कोळ्यांच्या होड्या नांगरल्या होत्या आणि वाऱ्याबरोबर सुक्या मासळीचा वास येत होता. तेथेच बसून गुरुजींनी उरलेली हकीकत सांगितली. १७८० च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती गॉडार्ड याने हा किल्ला घेतला. पुढे सालबाईच्या तहाने तो मराठ्यांस परत मिळाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि त्यांची फौज स्वतःच्या खर्चाने पदरी ठेवण्याचे कबूल केले. दुसरा बाजीराव हा थोरल्या बाजीरावाचा नातू. आजोबांच्या भावाने जेथे राज्य वाढविले, तेथे त्रेसष्ट वर्षांनी नातवाने ते दुसऱ्याच्या हवाली करावयास आरंभ केला. एका मुलाने विचारले, "त्याने किल्ल्याकडे पाहिले नसेल का?" सगळे हसले; गुरुजी हसले नाहीत.

ठरल्या वेळी सर्वजण निघाले. हिशेब ठेवणाऱ्या मुलीने बसमध्ये शिल्लक मोजली. वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, प्रसिद्ध आहेत. शिल्लक पैशांत त्यांची काही पुडकी आली आणि पंचेचाळीस वाटे झाले. वाटे फार मोठे नव्हते.

परतीच्या गाडीत बरीच मुले एकमेकांच्या खांद्यावर डोके ठेवून झोपली. वैतरणेच्या पुलावर पुन्हा गाडीचा आवाज बदलला आणि पाण्यावर सूर्य तांबडा झालेला दिसला. बोईसरला उतरताच गटनायकांनी मोजणी केली व आकडे सांगितले: नऊ, नऊ, नऊ, नऊ, नऊ. गुरुजींनी हजेरीपट मिटला आणि सर्वजण पुलावरून पूर्वेकडे उतरले.

स्वाध्याय

१. खासगी बस व आगगाडी यांच्या खर्चात कोणता फरक आहे? फळ्यावरील गणिताच्या आधारे सांगा.
२. गुरुजींनी परतीची गाडी आधी का ठरविली?
३. तारापूर, शिरगाव, माहीम व केळवे ही ठाणी घेतल्यामुळे वसईच्या वेढ्यास कशी मदत झाली?
४. शेवटच्या बाकावरील मुलीने प्रथम हात वर का केला नसावा, असे तुम्हांस वाटते?
५. आपल्या गावापासून एका दिवसात जाऊन येता येईल असे ऐतिहासिक स्थळ निवडा. स्टेशनावर किंवा बसस्थानकावर चौकशी करून आपल्या वर्गासाठी वेळेचा व खर्चाचा तक्ता तयार करा.